फक्त उजवा पाय

नाक दाबायची तयारी असेल तरच पुढे ऐका, मित्रांनो. गोष्ट पायांची आहे, आणि पाय म्हटले की वास आलाच. मी एक जुनं तसराळं आहे. रुंद तोंडाचं, पसरट, पत्र्याचं भांडं. वरून पांढरा मुलामा, काठाला निळी रेघ, आणि काठावर एके ठिकाणी टवका उडालेला. तुमच्या घरी माझ्या जागी आता प्लास्टिकचा टब असेल. त्याला माझा नमस्कार वगैरे सांगू नका, मला तो आवडत नाही. तसं मला फारसं काहीच आवडत नाही. उठताबसता शिसारी यावी असंच माझं नशीब आहे, आणि ती कशाची येते हे कळलं तर तुम्ही हसाल. घाणीची मला कधीच शिसारी आली नाही. मला येते ती स्वच्छ पायांची.

जन्माचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मोठेपणा काही नाही. पत्र्याच्या तुकड्यावर यंत्राचा दणका बसला आणि मला पोट आलं. मग पांढऱ्या लगद्यात बुचकळून भट्टीत घातलं. दुकानदारानं मला दोरीला टांगलं. येणारंजाणारं गिऱ्हाईक टिचकी मारून आवाज ऐकायचं आणि न घेताच पुढे जायचं. शेवटी एका बाईनं टिचकी न मारता मला उलटं करून पाहिलं, पैसे दिले आणि काखोटीला मारून घरी नेलं. ती नर्सबाई.

नर्सबाई घरोघर जायची. बाळंतपणं, भाजलेले हात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीच्या जखमा, पिकलेली गळवं. मी काय काय पोटात घेतलंय ते सांगितलं तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. रक्त, पू, ओकारी आणि बाकीचं तुम्हीच समजून घ्या. माझी तक्रार नव्हती. भांडं असतं कशासाठी? बाईची एक सवय मात्र लक्षात ठेवा. पाणी ओतलं की ती आधी त्यात कोपर बुडवून बघायची. म्हणायची, "तळहात निबर झालेत माझे, त्यांना गरम काय आणि गार काय. कोपर खोटं बोलत नाही."

ती येशूच्या मागे चालणारी बाई होती, पण दारात उभं राहून तिनं कुणाला उपदेश केलेला मला आठवत नाही. आधी काम करायची, मग मला विसळायची, आणि मग हळूच विचारायची, "प्रार्थना केली तर चालेल का?" घरातलं कुणी नको म्हणालं तर पिशवी उचलून निघायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात त्याच जखमेसाठी पुन्हा हजर. एकदा एका सासूबाईंनी विचारलंच, "बाई, तुम्हाला किळस नाही का हो येत?"

"येते की," बाई म्हणाली. "पण ज्याच्या मागे चालते त्यानं आपल्या शिष्यांचे पाय धुतले. मग मी कोण मोठी लागून गेले?"

एवढंच. तिची सुवार्ता एवढीच असायची, आणि ती ऐकून माणसं आपण होऊन चर्चचा पत्ता विचारायची. त्यातलाच एक शिंपीकाका. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात मी गेलो होतो. घाबरलेल्या त्याच्या हातातून मी सुटलो आणि दगडी पायरीवर आपटलो. काठाचा हा टवका त्याचीच भेट. पोरगी सुखरूप झाली, आणि पुढच्या रविवारी काका चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला.

बाईला एक मुलगी होती. आई मला घेऊन घरी आली की ही फ्रॉकचा घेर नाकावर धरून दारातच उभी राहायची. आईच्या हाताचा वास येतो म्हणून आईच्या हातचं जेवायची नाही. तिला वाटायचं, आईला देवानं नाकच दिलेलं नाही. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि आई गेल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर मला घराबाहेर काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळून चर्चला देऊन टाकलं. सगळे म्हणाले, किती मोठं मन. मोठं मन कसलं, तिला मी डोळ्यांसमोर नको होतो.

तीच आमची अत्तरकाकू. चर्चमधल्या सगळ्या व्यवस्था तिच्याकडे, आणि पर्समध्ये कायम अत्तराची बाटली.

आता माझी अवस्था ऐका. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतात त्या संध्याकाळी, वर्षातून एकदा, मला कपाटातून काढायचे. मंडळीतल्या बारा जणांना पुढे खुर्च्यांवर बसवायचे आणि पाळकसाहेब त्यांचे पाय धुवायचे. ऐकायला किती छान. पण आदल्या रविवारी अत्तरकाकू प्रत्येकाला गाठून सांगायची, "नखं कापून या. टाचा दगडानं घासून या. मोजे नवे घाला. आणि फक्त उजवा पाय." मग ते बारा जण घरून साबणानं पाय धुऊन, वर पावडर लावून यायचे. माझ्यात गुलाबाचं अत्तर, वर तरंगणाऱ्या पाकळ्या, आणि त्यात पाळकसाहेब धुतलेले पाय धुवायचे. पाणी जसं ओतलं तसंच्या तसं परत जायचं. मित्रांनो, पू पोटात घेऊन मला कधी मळमळलं नाही, पण त्या गोड पाण्यानं मला अगदी ओकारी यायची.

आणि उजवाच पाय का, तेही ऐका. फार पूर्वी एका पाळकसाहेबांची कंबर धरली होती. त्यांना खाली वाकवेना, म्हणून त्या वर्षी त्यांनी एकेकच पाय धुतला. पुढच्या वर्षी कंबर सुटली, पण रीत पडली ती पडली. आता कुणाला विचाराल तर तो उजव्या पायाचा खोल अर्थ सांगेल.

बाकीचं वर्ष मी चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात. सोबतीला कागदी फुलं आणि झुरळं. कपाटाचं एक दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं दिसायचं. कमिटीची बैठक त्याच खोलीत व्हायची आणि प्रार्थनेनं सुरू व्हायची. चिटणीस डोळे मिटून म्हणायचा, "हे प्रभू, आमच्यातल्या काही जणांना वेळेवर यायची बुद्धी दे." की लगेच अत्तरकाकू, "हे प्रभू, आमच्यातल्या काही जणांना गोड बोलायची बुद्धी दे." देवाचं नाव घ्यायचं आणि टोला शेजाऱ्याला मारायचा. याला ते प्रार्थना म्हणत. मला झुरळं बरी वाटायची.

त्या खोलीत खिडकीखाली पायानं चालवायचं शिवणयंत्र आहे. गाणाऱ्यांचे झगे, बाकांवरच्या गाद्यांच्या खोळी, सगळं शिंपीकाका तिथे बसून शिवायचा. बायको गेलेली, पोरगी लग्न होऊन लांब. तो दुपार दुपार तिथेच असायचा, आणि संध्याकाळी घरोघर येशूची गोष्ट सांगत फिरायचा. आजारी माणूस दिसलं की डोक्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात सांगायचा, "विश्वास ठेवा, प्रभू बरं करतो." लोकांना धीर यायचा. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू.

एकदा गादीची जाड खोळ शिवताना सुई तुटली. वरचं टोक यंत्रात राहिलं, खालचं उडालं आणि काकानं बाजूला काढून ठेवलेल्या डाव्या बुटात पडलं. मी पाहिलं, त्यानं नाही. त्यानं बूट घातला आणि निघून गेला. तुम्ही म्हणाल, टोचलं नसेल का? नाही टोचलं. काकाला साखरेचा आजार, तळपाय बधिर झालेले. मी कपाटात बसून काठापर्यंत कळवळलो, पण मला तोंड रुंद असून आवाज नाही.

काही दिवसांनी तो दार आतून लावून बसला आणि मोजा सोललाच म्हणा. अंगठ्याखाली भोक पडलं होतं. पुढच्या वेळी बघितलं तेव्हा भोवतीची कातडी काळी, आणि वास असा की झुरळं सरकली. काकानं शिवणातल्या चिंध्या घेतल्या, पाय गुंडाळला, वर दोन मोजे चढवले. मग यंत्रावर डोकं टेकून म्हणाला, "प्रभू, कुणाला कळायच्या आत बरा कर."

मला त्याची भयंकर किळस आली. पायाची नाही, त्या प्रार्थनेची. बरा कर एवढं म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. पण याला आधी झाकायचं होतं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारा आपणच सडतोय हे कळलं तर आपल्याला दारात कोण उभं करेल, ही त्याची भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकल्या पायाला कुणी सव्वा लाख देत नाही, मित्रांनो. तो आतल्या आत सडत जातो. माझ्या बाईनं असे पाय पाहिले होते. दुखणं अंगावर काढलेल्या एका सुताराचा पाय गुडघ्यापासून गेलेला मला आठवत होता, आणि समोर हा त्याच वाटेनं निघालेला.

मग वास चर्चमध्ये पोचला. रविवारी बाकाबाकावर रुमाल निघाले. कमिटी बसली. चिटणीस म्हणाला, "उंदीर मेलाय कुठेतरी." झालं, शोध सुरू. बाक सरकवले, पेटीमागे काठी घातली, कपाटं रिकामी केली. मलाही काढून हुंगलं, म्हणे यालाच जुना वास असेल. आणि या शोधात सगळ्यात पुढे कोण? शिंपीकाका. लंगडत लंगडत सगळ्यांबरोबर बाकांखाली वाकून बघत होता. अत्तरकाकू म्हणाली, "काका, तुम्ही कशाला वाकताय या वयात?" तर म्हणतो, "देवाच्या घरात घाण नको, बाई." ते ऐकून माझा मुलामा तडकायचाच बाकी होता.

उंदीर अर्थातच सापडला नाही. अत्तरकाकूनं कोपऱ्याकोपऱ्यात अत्तर शिंपडलं. सडका वास आणि वर गुलाब. दोन्ही वेगळे असते तर एक वेळ सोसले असते.

आणि ती संध्याकाळ आली. बारा जणांत काकाचं नाव होतं. तो उजवा पाय घासून, पुसून, पावडर लावून आला होता. खुर्च्यांची रांग, मागे भरलेलं चर्च. पाळकसाहेब कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यांवर सरकत होते, अत्तरकाकू मला पुढे पुढे सरकवत होती आणि धुतलेला पाय पुसत होती. पहिला झाला, दुसरा झाला. काकाची पाळी आली. त्यानं उजवा पाय माझ्यात ठेवला. पाय पुसायला अत्तरकाकू खाली वाकली आणि तशीच थांबली.

तिचं नाक म्हणजे लहानपणापासून तिखट. आणि तिचं तोंड आता काकाच्या डाव्या बुटाच्या अगदी जवळ होतं. बुटाच्या शिवणीतून काहीतरी झिरपून फरशीवर ओलं झालं होतं. तिनं ते पाहिलं, काकाकडे पाहिलं. काकानं मान फिरवली. तिनं टॉवेल खाली टाकला आणि तोंडावर हात धरून ती बाजूच्या दारानं बाहेर पळाली. बाहेरच्या नळापाशी ती ओकत होती आणि आत सगळं ऐकू येत होतं. काका घाईघाईनं उजव्या पायात मोजा घालू लागला. त्याला पळायचं होतं.

मी मनात म्हटलं, संपलं. ही आता येणार नाही, हा आता निघून जाणार, आणि पाय गुडघ्यापासून जाणार. पालथ्या घड्यावर पाणी.

दार उघडलं. ती आली. तोंड धुतलेलं, पदर ओला, डोळे लाल.

"हे पाणी फेका," ती म्हणाली. "मला साधं गरम पाणी द्या. काका, दुसरा पाय."

"उजवाच असतो," काका पुटपुटला.

"मला सांगताय? तो नियम सगळ्यांना मीच सांगत फिरते. दुसरा पाय."

चिटणीस पुढे झुकला. "काकू, उपासना झाल्यावर बघू या का? मंडळी बसलीय."

"मंडळीला सांगा, खिडक्या उघडा."

काकानं डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "बाई, नको. मी यांच्या घरी जातो. यांच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. काय म्हणतील हे लोक मला?"

"मग आज ते तुमच्यासाठी करतील. पाय द्या."

येशूपुढेही एका शिष्यानं असाच पाय मागे घेतला होता, असं पाळकसाहेब दरवर्षी सांगायचे. त्या दिवशी ते सांगायला विसरले. ते स्वतःच धावत जाऊन स्वयंपाकघरातलं गरम पाणी घेऊन आले आणि माझ्यात ओतलं. अत्तरकाकू फरशीवर बसली. बाही वर केली. आणि, मित्रांनो, तिनं हात नाही घातला. कोपर बुडवलं.

तिला कळलंही नसेल. मला कळलं. इतक्या वर्षांनी माझ्या पाण्यात कुणाचं कोपर आलं होतं.

बूट काढला, मोजे कापले, चिंध्या चिकटल्या होत्या त्या भिजवून भिजवून सोडवल्या. पुढचं सांगत नाही. पहिल्या बाकावरचे दोघे उठून गेले, आणि मला त्यांचा राग आला नाही. अत्तरकाकूला दोनदा उमळून आलं, तिनं मान वळवली, पण हात पाण्यातून काढला नाही. पाणी तांबडं झालं, मग काळपट. आणि माझ्या तळाला काहीतरी टिण् करून वाजलं. अर्धी सुई.

पाळकसाहेबांना दरवर्षीची लांबलचक प्रार्थना पाठ होती. ते शेजारी गुडघ्यांवर बसले, तोंड उघडलं आणि एवढंच म्हणाले, "प्रभू, हा पाय." मागून कुणीतरी आमेन म्हटलं. मग आणखी कुणी. आजवर त्या भिंतींत ऐकलेली ती पहिली प्रार्थना, जिची मला शिसारी आली नाही.

अत्तरकाकू डोळे पुसत होती, वासानं की कशानं कोण जाणे. स्वतःशीच म्हणाली, "आईला कशी किळस येत नव्हती, देव जाणे. मला नाही जमत हे."

येत होती गं, येत होती. मी ओरडलो असतो, पण भांड्याला आवाज कुठला. बोलला तो काका.

"यायची तर," तो म्हणाला. "माझ्या पोरीच्या वेळी मी दाराबाहेरच बसलो होतो. तुझी आई बाहेर आली, भिंतीला धरून ओकली, चूळ भरली आणि परत आत गेली. मला म्हणाली, आत सांगू नका हं."

अत्तरकाकूचे हात थांबले. तिनं काकाकडे बघितलं, मग माझ्या काठाच्या टवक्याकडे. पुन्हा पाणी घेतलं आणि बोटांच्या मधून हळूहळू पाय धुवू लागली.

त्याच संध्याकाळी चिटणीसाच्या गाडीतून काकाला दवाखान्यात नेलं. गाडीला वास लागेल म्हणून त्यानं कुरकुर केली, पण नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस काढले असते तर पाय गुडघ्याखाली उरला नसता. काकाची दोन बोटं गेली. पाय राहिला.

आता काका काठी घेऊन चालतो आणि अजूनही घरोघर जातो. पण आवाज पूर्वीसारखा खणखणीत नाही. दारात गेला की आधी डावा बूट काढून दाखवतो. म्हणतो, "प्रार्थना मीपण केली होती, पण झाकून केली होती. दोन बोटं गेली. ज्यानं पाय धुतले त्याच्याबद्दल ऐकायचं असेल तर बसतो, आणि तुमचं काही झाकलेलं दुखणं असेल तर आधी ते सांगा." लोक बसवतात. पूर्वी ऐकायचे, आता बोलतातही.

मी आता कपाटात नसतो. अत्तरकाकूनं मला घरी नेलंय, त्याच घरी जिथून मला हाकललं होतं. ती आजाऱ्यांकडे जाते तेव्हा मला सोबत घेते. वर्षातून एकदा मात्र चर्चमध्ये माझी हजेरी असते. चिटणीस अजून पावडर लावून उजवा पाय पुढे करतो, त्याला काय सांगणार. बाकीचे दोन्ही पाय देतात, कामावरून येतात तसेच. पाणी फेकायला नेतात तेव्हा ते गढूळ असतं, आणि मला बरं वाटतं.

मित्रांनो, मला घासून लख्ख ठेवा असं मी म्हणणार नाही. फक्त मला कोरडं ठेवू नका. आणि माझ्यापाशी याल तेव्हा, किंवा ज्यानं पाय धुतले त्याच्यापाशी जाल तेव्हा, घरून धुऊन येऊ नका. जो पाय दाखवायची लाज वाटते तोच आधी पुढे करा. समोरच्याला किळस येईल. येऊ द्या. बाहेर जाऊन ओकून परत येणारी माणसं असतात, मी दोन पाहिली आहेत.

अत्तराची बाटली काकूच्या पर्समध्ये अजून आहे. पण आता त्यातला थेंब ती माझ्यात टाकत नाही. स्वतःच्या रुमालावर टाकते, रुमाल नाकाला बांधते, आणि कोपर पाण्यात बुडवते.